कागदावर देखणी, पाण्यात कलती: काल्पनिक विनाशिकेचं वजन जुळत नाही तेव्हा काय तपासावं

पर्यायी इतिहास, कथा, खेळ किंवा मॉडेल यांसाठी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली विनाशिकांची श्रेणी आखणाऱ्यांचे आराखडे मी बऱ्याच वर्षांपासून तपासून देतो. देश वेगळे, नावं वेगळी, रेखाटनाची पद्धत वेगळी, पण बिघाड जवळजवळ नेहमी एकच असतो: जहाजावर जे जे चढवलं आहे ते त्या सांगाड्याला पेलत नाही. सुदैवाने तो टप्प्याटप्प्याने शोधता येतो आणि बहुतेकदा कागद-पेन्सिलीवरच सुटतो.

लक्षणं

यातली दोन-तीन जरी दिसली तरी पुढच्या तपासण्या कराच.

- टनेज, म्हणजे जहाजाचं टनांतलं वजन, १,५०० ते १,९०० च्या दरम्यान, पण तोफा आठ-दहा आणि टॉर्पेडो नळ्याही दहा-पंधरा.
- वेग ३८ नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वर आणि त्याच ओळीत ६,००० सागरी मैलांचा पल्ला.
- बाजूच्या चित्रात सगळं दिसतं, पण बॉयलर आणि टर्बाइन नेमके कुठे आहेत ते बोट ठेवून दाखवता येत नाही.
- कथेत १९४३ साल उजाडतं, जहाजावर रडार आणि विमानविरोधी तोफा चढतात, पण त्या बदल्यात काहीच उतरत नाही.
- युद्धनौकांचे आराखडे तपासणाऱ्या ‘स्प्रिंगशार्प’ या मोफत प्रोग्रॅममध्ये स्थैर्याचा आकडा १ च्या खाली येतो, मग तो १ च्या वर जाईपर्यंत टनेज वाढवत नेलं जातं. शेवटी ३,४०० टनांचं काहीतरी तयार होतं आणि त्याला तरीही विनाशिकाच म्हटलं जातं.

उदाहरणासाठी एक श्रेणी घेऊ. तिला ‘वादळ’ म्हणू. साल १९३८. विस्थापन (जहाज बाजूला सारतं त्या पाण्याचं, म्हणजेच जहाजाचं वजन) १,८५० टन, पाणरेषेवरची लांबी ११२ मीटर, रुंदी १०.४ मीटर, ड्राफ्ट (पाण्याखालची खोली) ३.४ मीटर. १२७ मिमीच्या दोन-दोन तोफांचे पाच टरेट (तोफांचे फिरते बंदिस्त बुरूज), पाच-पाच टॉर्पेडो नळ्यांचे दोन संच, ५०,००० अश्वशक्ती, ४० नॉट. माझ्याकडे येणारे आराखडे साधारण असेच असतात.

१. टनेज कोणतं लिहिलंय?

ही तपासणी फुकट आहे आणि निम्मा गोंधळ इथेच सुटतो. नौदलांवर मर्यादा घालणाऱ्या १९२२ च्या वॉशिंग्टन करारात ‘स्टँडर्ड’ विस्थापनाची व्याख्या ठरली: खलाशी, दारूगोळा, रसद, पिण्याचं पाणी सगळं धरायचं, पण इंधन आणि बॉयलरसाठीचं राखीव पाणी धरायचं नाही. विनाशिकेत हा फरक फार मोठा पडतो, कारण ती आपल्या वजनाच्या मानाने भरपूर तेल वाहते. अमेरिकेच्या फ्लेचर श्रेणीचं स्टँडर्ड विस्थापन २,०५० टन, आणि तेलच जवळपास ५०० टन. समुद्रात लढताना जहाज भरलेल्या वजनाने लढतं, करारातल्या वजनाने नाही.

म्हणून आराखड्यात दोन्ही आकडे वेगळे लिहा. ‘वादळ’चे १,८५० टन स्टँडर्ड असतील, तर ५०० टन तेल आणि बॉयलरचं पाणी धरून भरलेलं वजन २,४०० टनांच्या आसपास जाईल. ही बेरीज हाताशी ठेवा, पुढे लागणार आहे.

२. साल आणि करार

१९३० च्या लंडन करारात विनाशिकेला १,८५० टन स्टँडर्डची आणि १३० मिमी तोफेची कमाल मर्यादा होती. शिवाय १,५०० टनांवरची जहाजं एकूण विनाशिका-टनेजच्या १६ टक्क्यांपर्यंतच चालत. तुमचा देश करारात असेल आणि जहाजं १९३६ अखेर तो करार संपण्याआधी बांधायला घेतली असतील, तर सगळी श्रेणी १,८५० टनांची असणं शक्य नाही. करारात नसेल तर १,८५० हाच आकडा का निवडला याचं कारण कथेत हवं. बहुतेक जण तो आकडा एखाद्या खऱ्या जहाजावरून उचलतात आणि बंधन मागेच राहतं. करारातून सुटका असेल तर सरळ २,२०० घ्या, पुढचं काम हलकं होईल.

३. लांबी × रुंदी × ड्राफ्ट

कॅल्क्युलेटर घ्या. पाणरेषेवरची लांबी, रुंदी आणि ड्राफ्ट यांचा गुणाकार करा. आलेल्या चौकोनी ठोकळ्यातला साधारण निम्मा भागच विनाशिकेचं शरीर व्यापतं, कारण ती टोकांना फार निमुळती असते. म्हणून ०.५ ने गुणा. मग खाऱ्या पाण्याच्या घनतेसाठी १.०२५ ने. ‘वादळ’साठी उत्तर येतं सुमारे २,०३० टन. पण भरलेलं वजन तर २,४०० आहे. उरलेले ३७० टन जहाजाला आणखी खाली दाबणारच. या मापाच्या जहाजाला एक सेंटिमीटर खाली बसायला साधारण ९ टन लागतात, म्हणजे ते ४० सेंटिमीटर खाली बसेल. डेक पाण्याच्या तितका जवळ आला, पुढच्या टरेटवर तितक्या जास्त लाटा येणार, आणि चित्रातली पाणरेषा चुकीची ठरली.

एक सापळा इथे सारखा आडवा येतो. पुस्तकांत फ्लेचरचा ड्राफ्ट बहुधा ५.४ मीटर छापलेला असतो. तो प्रोपेलरच्या खालच्या टोकापर्यंतचा आहे. जहाजाच्या शरीराचा ड्राफ्ट त्याहून मीटरभराने तरी कमी असतो. खऱ्या जहाजाचा छापील ड्राफ्ट उचलून गुणाकार केला की हजारभर टन फुकटात मिळाल्यासारखे वाटतात आणि माणूस त्यावर आणखी एक टरेट ठेवतो. म्हणून गुणाकार आधी एखाद्या माहितीच्या जहाजावर करून बघा. उत्तर छापील विस्थापनाच्या बरंच वर गेलं, तर ड्राफ्टचा आकडा प्रोपेलरसकटचा आहे असं समजा.

४. कागदाच्या पट्ट्या

आलेख कागदावर प्रमाणात डेकचा आकार काढा. बॉयलर खोल्या, इंजिन खोल्या, टरेट, ब्रिज, चिमण्या, टॉर्पेडो संच या सगळ्यांचे त्याच प्रमाणात तुकडे कापा आणि मांडून बघा. संगणकावर हे काम नीट होत नाही, कारण तिथे तुकडा जरासा लहान करायचा मोह होतो.

यंत्रणेपासून सुरुवात करा, तोफांपासून नाही. युद्धकाळातल्या विनाशिकेच्या लांबीतला ४० टक्क्यांच्या आसपास भाग बॉयलर आणि टर्बाइन खाऊन टाकतात, तोही नेमका मधला, सर्वांत रुंद भाग. मग नाळेकडची पहिली काही मीटर आणि पिछाडीचं टोक सोडा, तिथे जड काही ठेवता येत नाही. उरलेल्या जागेत प्रत्येक टरेटला फिरायला पूर्ण वर्तुळ हवं आणि त्याच्या जवळ, पाणरेषेखाली, दारूगोळ्याचं कोठार हवं. बॉयलरच्या डोक्यावर टरेट मांडला तर त्याचे गोळे येणार कुठून, हा प्रश्न चित्रात कधीच दिसत नाही, पट्ट्या मांडल्या की लगेच दिसतो. टॉर्पेडो संचही फिरतो. अमेरिकी २१ इंची टॉर्पेडो सात मीटरहून लांब, जपानी टाइप ९३ नऊ मीटरचा. आडवा फिरवल्यावर तो कुठे अडतो ते पाहा.

खरी जहाजं इथे चांगला आरसा ठरतात. ब्रिटिश ट्रायबल श्रेणीने सुमारे ११५ मीटरमध्ये जुळ्या तोफांचे चार माउंट (तोफ बसवायचे फिरते चौथरे) बसवले, पण ते पाठीमागून उघडे होते आणि टॉर्पेडोचा संच एकच, चार नळ्यांचा ठेवावा लागला. अमेरिकेच्या ॲलन एम. समनर श्रेणीने जवळपास तेवढ्याच लांबीत बंदिस्त जुळे टरेट तीनच बसवले आणि टॉर्पेडोचे दोन संच ठेवले. ‘वादळ’ला पाच टरेटही हवेत आणि दोन संचही. दोनदा नेव्हल आर्किटेक्ट (जहाजांची रचना करणाऱ्या) लोकांनी जिथे एकाची निवड केली, तिथे तुमच्या काल्पनिक देशाला दोन्ही मिळण्याचं कारण सांगता आलं पाहिजे.

५. वेग आणि अश्वशक्ती

यासाठी जुना ‘ॲडमिरल्टी गुणांक’ पुरतो. विस्थापनाचं घनमूळ काढून त्याचा वर्ग करा, त्याला वेगाच्या घनाने गुणा, अश्वशक्तीने भागा. त्या काळच्या विनाशिकांसाठी उत्तर १५० ते १८० च्या दरम्यान आलं तर आराखडा पटण्यासारखा. फ्लेचर २,५०० टनांवर ३७ नॉट आणि ६०,००० अश्वशक्ती धरून १५५ च्या आसपास येते.

‘वादळ’ला चाचणीच्या वेळी २,१०० टन धरलं तरी ४० नॉट आणि ५०,००० अश्वशक्तीचा गुणांक २१० येतो. तो जमणारा नाही. खरा वेग ३७ नॉटच्या जवळ असेल. ४० हवेच असतील तर ६३ हजारांच्या वर अश्वशक्ती लागेल, कारण शक्तीची गरज वेगाच्या घनाने वाढते. शेवटचे तीन नॉट मिळवायला चौथाई यंत्रणा वाढवावी लागते आणि ती वाढली की चौथ्या तपासणीतल्या पट्ट्या पुन्हा मांडाव्या लागतात.

चाचणीतले आकडे जपून वापरा. फ्रान्सच्या ल तेरिब्लने १९३५ मध्ये ४५ नॉट ओलांडले, पण ते चाचणीत, हलक्या भाराने. जपानच्या शिमाकाझेने ४० नॉट खरोखर ओलांडले, पण ७५,००० अश्वशक्तीची यंत्रणा आणि जवळपास १३० मीटर लांबी घेऊन. अशी एकच नौका बांधली गेली. कथेत तुमची श्रेणी वीस जहाजांची असेल तर हे लक्षात ठेवा.

पल्ल्याबद्दल थोडक्यात: पल्ला तेलाने मिळतो आणि तेलाला जागा लागते. समनर श्रेणीला पल्ला कमी पडला म्हणून अमेरिकेने तीच रचना मध्यभागी १४ फुटांनी लांबवली आणि गिअरिंग श्रेणी तयार झाली. तुमचा पल्ला वाढवायचा असेल तर हाच मार्ग धरा.

६. वरचं वजन

एखाद्या आराखड्यासाठी एकच संध्याकाळ देता येत असेल तर ती इथे द्या. वरच्या सगळ्या तपासण्यांत पास झालेलं जहाजही इथे कलंडतं.

एक तक्ता करा. पहिल्या रकान्यात वस्तू, दुसऱ्यात वजन, तिसऱ्यात तळाच्या कण्यापासूनची उंची, चौथ्यात दोहोंचा गुणाकार. चौथ्या रकान्याच्या बेरजेला एकूण वजनाने भागलं की गुरुत्वमध्याची उंची मिळते. जहाज थोडं कललं की पाण्याची उचल ज्या बिंदूभोवती त्याला सरळ करते तो मेटासेंटर. गुरुत्वमध्य त्याच्या जितका खाली तितकं जहाज सुरक्षित. हे अंतर फार वाढवलं तर जहाज झटके देत डुलतं आणि तोफा नेम धरू शकत नाहीत. फार कमी झालं तर ते कलतं आणि परत येत नाही.

आता ‘वादळ’. अमेरिकी ५ इंची बंदिस्त एकेरी माउंट सुमारे २० टनांचा, जुळा ४५ टनांच्या आसपास. फ्लेचरसारखे पाच एकेरी ठेवले असते तर १०० टन, पाच जुळे ठेवले म्हणून २२५. जास्तीचे १२५ टन कण्यापासून साडेआठ मीटरवर आणि जहाजाचा गुरुत्वमध्य ४.४ मीटरवर धरला, तर २,४०० टनांच्या जहाजात तो २१ सेंटिमीटर वर सरकतो. मेटासेंटरपर्यंतचं अंतर ७५ सेंटिमीटर असेल तर चौथाईहून जास्त एका झटक्यात गेलं. यात टरेट फिरवणारी यंत्रं आणि वरच्या गोळ्यांचा साठा अजून धरलेलाच नाही.

मग हाच तक्ता तेल जवळपास संपलेलं धरून पुन्हा करा. तेल तळाशी असतं, ते जळालं की खालचं वजन जातं आणि गुरुत्वमध्य वर चढतो. अर्धवट भरलेल्या टाक्यांत तेल इकडून तिकडे वाहतं आणि कलण्याला मदतच करतं. भरलेलं जहाज तपासून लोक थांबतात, धोका मात्र परतीच्या वाटेवर असतो. १८ डिसेंबर १९४४ च्या वादळात अमेरिकेच्या हल, मोनाहन आणि स्पेन्स या तीन विनाशिका फिलिपाइन समुद्रात उलटून बुडाल्या. स्पेन्स फ्लेचर श्रेणीची होती. तिचं तेल अगदी खाली गेलेलं होतं आणि रिकाम्या टाक्यांत समुद्राचं पाणी वेळेत भरलं गेलं नाही. हल आणि मोनाहन जुन्या फॅरागट श्रेणीच्या, युद्धात वर बरीच भर पडलेल्या. त्याआधी १२ मार्च १९३४ ला जपानची तोमोझुरू ही टॉर्पेडो नौका वादळात उलटली होती. लहान शरीरावर मोठ्या नौकेची शस्त्रं चढवल्याचा तो परिणाम होता आणि त्यानंतर जपानला आपल्या अनेक नौकांचं वरचं वजन कमी करावं लागलं.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवा: आधी उतरवा, मग खाली आणा, मग रुंद करा. टनेज वाढवणं सगळ्यात शेवटी. नौदलांनीही हेच केलं. १९३९ मध्ये अमेरिकेच्या सिम्स श्रेणीची जहाजं ठरल्याहून जड आणि वरून भारी निघाली, तेव्हा टॉर्पेडो नळ्या १२ वरून ८ वर आणल्या गेल्या. ब्रिटनच्या हंट श्रेणीत गुरुत्वमध्याचा हिशेबच चुकला होता. पहिल्या जहाजांवर ठरलेल्या तीनऐवजी दोनच जुळे माउंट ठेवावे लागले. पुढच्या टाइप २ मध्ये रुंदी २९ फुटांवरून ३१.५ फूट केली, तेव्हा तिसरा माउंट परत बसला. अडीच फूट ऐकायला कमी वाटतात, पण कलण्याला विरोध करणारी पाणरेषेच्या क्षेत्राची जडता रुंदीच्या घनाने वाढते, म्हणजे तब्बल २८ टक्क्यांनी. (याच टाइप २ मधली तीन जहाजं १९५३ मध्ये गोमती, गंगा आणि गोदावरी या नावांनी भारतीय नौदलात आली.)

‘वादळ’साठी मी सुचवीन ते असं: जुळे टरेट तीन, टॉर्पेडोचे संच दोन, रुंदी ११.६ मीटर, स्टँडर्ड २,१०० टन, वेग ३५ नॉट. खलाशी हे जहाज आनंदाने घेऊन जातील.

युद्ध पुढे सरकतं तसं वजन वाढतंच, म्हणून आजच्या तक्त्यात काही टन मोकळे ठेवा आणि पुढच्या प्रत्येक सालाला ‘काय चढलं, काय उतरलं’ अशी ओळ लिहा. ट्रायबल श्रेणीने युद्धात आपल्या मागच्या दोन माउंटपैकी वरचा काढून त्या जागी ४ इंची विमानविरोधी जुळी तोफ घेतली. अशी एक अदलाबदल कथेत आली की श्रेणी खरी वाटू लागते. तसंच, मोठ्या संख्येने बांधायची श्रेणी साधी असते. ब्रिटनने युद्धात १४ फ्लोटिला, म्हणजे ११२ विनाशिका, ४०,००० अश्वशक्तीच्या यंत्रणेवर आणि बहुतांश चार एकेरी तोफांवर काढल्या.

७. सांगाड्याची ताकद

सर्वांत अवघड तपासणी. जहाजाच्या लांबीइतकी लाट मध्याखाली आली की टोकं खाली लोंबतात, टोकांखाली आली की मध्य लोंबतो. लांब, उथळ आणि हलक्या पत्र्याचं शरीर यात मोडतं. २६ सप्टेंबर १९३५ ला जपानचा चौथा ताफा वादळात सापडला तेव्हा फुबुकी श्रेणीच्या हात्सुयुकी आणि युगिरी यांच्या नाळा तुटून गेल्या. नोव्हेंबर १९४२ मध्ये सोव्हिएत सोक्रुशितेल्नीची पिछाडी बॅरेंट्स समुद्रातल्या वादळात तुटली. दोन्ही श्रेणी कागदावर वेगवान आणि हलक्या होत्या.

घरी इतकंच करा: लांबी आणि शरीराची खोली यांचं गुणोत्तर त्याच काळच्या, त्याच वजनाच्या खऱ्या जहाजाशी ताडून पाहा, आणि उंच नाळ संपून डेक एकदम खाली उतरतो ती पायरी नेमकी यंत्रणेच्या मोठ्या मोकळ्या खोलीवर येत नाही ना ते बघा. ताण तिथेच गोळा होतो. स्प्रिंगशार्पचा ताकदीचा आकडा अंदाज म्हणून घ्या, खात्री म्हणून नको.

कुठे थांबायचं

कथा किंवा खेळासाठी सहाव्या तपासणीपर्यंत आलात की पुरे. सातवी नीट जमली नाही तर पत्र्याची जाडी छापू नका, बाकी आराखडा उभा राहतो.

पाण्यात सोडायचं लहान मॉडेल असेल तर तेही स्वतः तपासता येतं. १:९६ प्रमाणात २,४०० टनांची ‘वादळ’ सुमारे २.७ किलोची होते. माहितीचं छोटं वजन डेकच्या मध्यावरून बाजूला सरकवा, आत टांगलेल्या ओळंब्याने कल मोजा. सरकवलेलं वजन गुणिले अंतर, भागिले एकूण वजन गुणिले कलाच्या कोनाचा टॅन: हे मेटासेंटरपर्यंतचं अंतर. गोदीत खऱ्या जहाजांवरही हाच प्रयोग करतात.

माणूस बसणार असेल, मग ते तलावातलं मोठं मॉडेल असो की चित्रीकरणासाठी बनवलेली नाव, तर इथेच थांबा आणि नेव्हल आर्किटेक्टला गाठा. मोठ्या कोनातलं स्थैर्य, म्हणजे किती अंशांनंतर जहाज परत येणार नाही, आणि दोन कप्पे पाण्याने भरल्यावर काय होतं, हे वरच्या कुठल्याही सूत्राने कळत नाही. तसंच, आराखडा तांत्रिक लेखन म्हणून छापायचा असेल तरी त्यांच्याकडून पाहून घ्या. जाताना वजनांचा तक्ता, शरीराच्या आडव्या छेदांची रेखाटनं आणि तीन स्थिती लिहून न्या: पूर्ण भरलेलं, निम्मं तेल, आणि तेल संपत आलेलं. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा तिसऱ्या स्थितीबद्दलच असतो.